कलागुणांची पारख

आपले सुरत शहर हिऱ्यांचे शहर आहे. दूरदेशीच्या खाणींतून निघालेले कच्चे हिरे वराछा, कतारगाम या भागांतील कारखान्यांत येतात आणि येथे ज्यांना 'रत्नकलाकार' या सुंदर नावाने ओळखतात त्या कारागिरांच्या हातून पैलू पाडून घेऊन जगाच्या बाजारात जातात. कच्चा हिरा ज्याने पाहिला असेल त्याला ठाऊक आहे की, तो मुळीच लखलखत नाही. तुरटीच्या खड्याहून फारसे निराळे असे त्याचे रूप नसते. म्हणूनच चाकावर चढण्यापूर्वी त्याला एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून जावे लागते. तो माणूस डोळ्याला भिंग लावून खडा फिरवून फिरवून पाहतो आणि त्याच्या पोटात काय दडले आहे याचा अदमास घेतो. पैलू पाडणाऱ्याचे कौशल्य त्यानंतरचे. आधी पारख, मग पैलू, असा त्या धंद्याचा क्रम आहे.

विद्यार्थी म्हणजे हिरा आणि शिक्षक म्हणजे रत्नपारखी, हा दृष्टान्त स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकतो. तो ऐकावयास गोड वाटतो, आणि काही अंशी खराही आहे. परंतु त्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती दाखवण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. पहिल्या निवडीत बाजूला पडलेला हिरा दहा वर्षे डबीत राहिला तरी हिराच राहतो. आज ना उद्या जाणत्याची दृष्टी त्यावर पडली की त्याचे मोल होते. मुलाचे तसे नाही. मुलाच्या ठायी असलेला कलागुण म्हणजे दगडात बंदिस्त झालेला तयार प्रकाश नव्हे. तो नुकताच फुटलेला कोंभ असतो. त्याच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नाही, तर तो आपली वाट पाहत थांबत नाही. चौदाव्या वर्षी जे आपण पाहिले नाही, ते चोविसाव्या वर्षी पाहू म्हटले तर तेथे असेलच अशी खात्री कोणी द्यावी? म्हणून या बाबतीत उशिरा केलेली पारख ही पुष्कळदा न केलेल्या पारखीसारखीच ठरते.

आता आपण शाळेत ही पारख कशी करतो ते पाहू. आपण स्पर्धा भरवतो. चित्रकला, गायन, वक्तृत्व, नाट्यप्रवेश अशा स्पर्धा होतात, तीन क्रमांक काढले जातात, बक्षिसे दिली जातात आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानून आपण निश्चिंत होतो. स्पर्धा वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. केंद्र सरकार २०१५ पासून माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी 'कला उत्सव' भरवीत आहे, आणि त्यामुळे अनेक मुलांना आपल्या शाळेबाहेरचे रंगमंच पाहावयास मिळाले आहेत. परंतु दोन तासांच्या स्पर्धेत पुढे येतो तो बहुधा आधीच तयार झालेला विद्यार्थी. ज्याच्या घरी रंगपेटी आहे, ज्याला शिकवणी लावलेली आहे, ज्याला चारचौघांत उभे राहण्याची भीती वाटत नाही, त्याचा गुण स्पर्धेत दिसतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याचा गुण दिसण्यासाठी स्पर्धेचे भिंग पुरे पडत नाही.

याविषयी दुसऱ्या कोणाला दोष देण्यापूर्वी मी स्वतःचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका चित्रस्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मी चित्रकलेचा शिक्षक नव्हे. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पण माणूस कमी होता म्हणून मला बसवण्यात आले. समोर साठ-सत्तर चित्रे होती. त्यांतील बहुतेकांत तोच देखावा होता: दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि वळणे घेत पायाशी येणारी नदी. सुरतेच्या मुलाला असे डोंगर कोठे दिसतात? त्याने ते दुसऱ्याच्या चित्रात पाहिलेले असतात. त्या ढिगात एक चित्र मात्र वेगळे होते. कापडाच्या ताक्यांनी खच्चून भरलेला एक टेम्पो, आणि ताके डोक्यावर घेऊन त्याच्याकडे निघालेला एक माणूस. त्या माणसाचे तोंड ताक्यांआड झाकलेले, दिसत होते ते फक्त किंचित वाकलेले गुडघे आणि पाय. रंग धड लावलेले नव्हते. एका कोपऱ्यात पाण्याचा डाग होता. आम्ही ते चित्र "अपुरे व अस्वच्छ" म्हणून बाजूला ठेवले आणि एका नीटनेटक्या सूर्योदयाला पहिले बक्षीस दिले. घरी गेल्यावर तो सूर्योदय मला मुळीच आठवेना. ते वाकलेले गुडघे मात्र आजतागायत आठवतात. ओझ्याखाली माणसाचे गुडघे कसे वाकतात हे ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि कागदावर उतरवले, त्याच्याजवळ दृष्टी होती. आमच्याजवळ त्या दिवशी ती नव्हती.

नीटनेटकेपणा आणि कलागुण या दोहोंत आपण नेहमी गल्लत करतो. हात वळणदार असणे ही चांगली गोष्ट आहे आणि ती सरावाने साध्य होते. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या कुटुंबांना 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' या चित्रकलेच्या परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा त्यांत जो अभ्यास होतो त्याने हाताला शिस्त लागते. परंतु त्या परीक्षेची श्रेणी म्हणजे कलेची कुंडली नव्हे. हात शिकवता येतो. पाहण्याची ओढ मात्र मुलाची स्वतःची असते, आणि आपणांस शोधावयाची आहे ती हीच ओढ.

मग ती ओळखावी कशी? माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे तिची तीन-चार लक्षणे सांगता येतील. पहिले लक्षण असे की, कोणी सांगितले नसताना मूल तीच गोष्ट पुनःपुन्हा करते. वहीच्या शेवटच्या पानावर, बाकाच्या कडेवर, प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर त्याची चित्रे उमटतात. मधल्या सुटीत तेच गुणगुणणे चालू असते. दुसरे लक्षण म्हणजे असमाधान. ज्याला नुसती शाबासकी हवी असते तो चित्र पुरे होताच दाखवावयास धावतो. ज्याला खरी ओढ असते तो "हे जमले नाही" म्हणून ते लपवतो आणि पुन्हा काढतो. तिसरे लक्षण म्हणजे साधनांवाचून न अडणे. रंग नसले तर तो खडू, कोळसा, हळद यांवर भागवतो. पेटी नसली तर बाक वाजवतो. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे इतरांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्याच्या नजरेतून सुटत नाही. ही चारही लक्षणे आपल्या रोजच्या वर्गात दिसतात. दुर्दैवाने आपण पुष्कळदा त्यांनाच बेशिस्त म्हणतो.

मीही तसेच म्हटले होते. आठवीच्या वर्गातील एका मुलीची मराठीची वही तपासताना मला दिसले की, प्रत्येक पानाच्या समासात तिने वेलबुट्टी काढली होती. मी लाल शाईने शेरा लिहिला: "समास स्वच्छ ठेवावा." पुढच्या खेपेस वही आली तेव्हा समास स्वच्छ होता. मला समाधान वाटले. वर्षाच्या अखेरीस सर्व वह्या पुन्हा एकत्र हाती आल्या, तेव्हा सहज म्हणून मी तिची जुनी वही चाळली. पहिल्या पानावर एक साधी कोयरी होती. दुसऱ्या पानावर तिला पान फुटले होते, चौथ्या पानावर वेल वळली होती. दहाव्या पानापर्यंत त्या एका कोयरीतून अख्खा काठ तयार झाला होता, आणि तो कोठेही पुनरुक्त नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की, घरी आई साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवण्याचे काम आणते आणि शाळा सुटल्यावर ही मुलगीही तिच्या हाताखाली बसते. दिवसाकाठी दहा-बारा साड्यांचे काठ तिच्या डोळ्यांखालून जात. दुसऱ्यांनी काढलेल्या नक्षीवर खडे चिकटवता चिकटवता ती स्वतःची नक्षी शोधीत होती, आणि ती काढावयास तिच्याजवळ समासाखेरीज जागा नव्हती. माझ्या शेऱ्याने तीही गेली. मी तिला बोलावून चित्रांविषयी विचारले. ती म्हणाली, "आता नाही काढत, सर." तिच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

एका शेऱ्याने जसे जाते, तसे एका शब्दाने उभेही राहते. माझी मातृभाषा कोकणी असल्यामुळे मला प्रथम सावंतवाडीचे उदाहरण आठवावे हे स्वाभाविकच आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली तेथे झाला. शाळेत असतानाच त्यांच्या चित्रांकडे मुख्याध्यापकांचे लक्ष गेले. गुणांची कदर करणारी माणसे भेटली, आणि १९०३ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि जे पुष्कळ लोक चुकीने राजा रविवर्म्यांचे समजतात, ते या हळदणकरांचे. त्यासाठी त्यांची कन्याच दिवा घेऊन उभी राहिली होती. सावंतवाडीच्या शाळेत त्या मुलाची चित्रे कोणी पाहिलीच नसती, तर तो दिवा लागला असता की नाही, हे कोण सांगू शकेल?

दुसरे उदाहरण व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचे. म्हैसूरच्या शाळेत असताना त्यांनी काढलेल्या पिंपळाच्या पानाची शिक्षकांनी प्रशंसा केली, आणि आपण चित्रकार होऊ शकतो हा विचार त्यांच्या मनात रुजला. पुढे याच तरुणाने जे. जे. कलाशाळेत प्रवेश मागितला, तेव्हा त्याच्या चित्रांत आवश्यक ती प्रतिभा नाही असे कळवून त्याला नकार देण्यात आला. 'कॉमन मॅन'च्या जनकाला मिळालेला हा नकार आज आपणांस गमतीचा वाटतो. परंतु त्यातून घेण्यासारखा बोध असा की, मोठ्या संस्थेची पारखही चुकू शकते, आणि ती चुकली तेव्हा एका साध्या शिक्षकाने पूर्वी दिलेला विश्वास त्या तरुणाच्या गाठीशी होता.

आणि ज्यांना शाळाच मिळाली नाही त्यांचे काय? आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली आहेत. त्यांच्या खानदेशातील असोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकामात त्या ओव्या आणि गाणी रचीत. घरातील मुलांनी त्यांतील काही टिपून ठेवली. १९५१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सारा महाराष्ट्र चकित झाला. पण ज्यांच्यासाठी तो चकित झाला त्या माउली ते पाहावयास नव्हत्या. आणि जे कोणी टिपून ठेवले नाही ते वाऱ्यावर गेले ते गेलेच. पारख उशिरा होते म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. गुण ओळखला की लगेच मुलाच्या गळ्यात 'बालकलाकार' अशी पाटी अडकवून त्याला गावभर मिरवण्याची हौस हल्ली बोकाळली आहे. पारख म्हणजे जाहिरात नव्हे. कुमार गंधर्व बालवयातच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात आणि श्रोत्यांना थक्क करीत. परंतु त्या नकलेवरच त्यांना थांबू दिले गेले नाही, मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे ते शिकावयास राहिले, आणि पुढे जे गायन जन्मास आले ते कोणाचीही नक्कल नव्हते. चित्रकार सय्यद हैदर रझा यांची आठवणही अशीच आहे. मध्य प्रदेशातील एका खेड्यातील शाळेत त्यांच्या चंचल मनाला स्थिर करण्यासाठी गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे एकाग्रतेने पाहावयास सांगितले. पुढे अनेक दशकांनी तोच बिंदू रझांच्या चित्रांचे केंद्र झाला. त्या गुरुजींनी मुलाला मोठा चित्रकार म्हणून गौरवले नव्हते. त्यांनी त्याला पाहावयास शिकवले. ओळखल्यानंतर शिक्षकाने करावयाचे काम एवढेच असते, आणि ते लहान नाही.

पालकांच्या मनात येणारा प्रश्न मला ठाऊक आहे. सभांमधून तो मी अनेकदा ऐकला आहे. "गुरुजी, चित्रे काढून पोट भरते का?" बारा बारा तासांची पाळी मागावर उभे राहून काढणाऱ्या पित्याने हा प्रश्न विचारावा यात गैर काहीच नाही, आणि त्याला गोड बोलून फसवणे हे पाप आहे. म्हणून मी प्रामाणिकपणे सांगतो: चित्र काढणारे प्रत्येक मूल चित्रकार होत नाही, आणि गाणाऱ्या प्रत्येक मुलाला मैफली मिळत नाहीत. पण आपण ज्या शहरात राहतो त्या शहराचे पोट कशावर भरते याचाही विचार करा. येथील बाजारात रोज जी लक्षावधी वार कापडाची उलाढाल होते, त्यातील प्रत्येक छाप आणि प्रत्येक काठ प्रथम कोणीतरी रेखाटलेला असतो. जरीकाम हे सुरतेचे, आणि 'सादेली' हे लाकूड, हाड, धातू यांच्या बारीक पट्ट्या जुळवून, त्यांचे आडवे काप काढून भूमितीय नक्षी साधणारे कामही सुरतेचेच. आपली मुले त्या नक्षीवर खडे चिकटवणारी म्हणूनच राहावीत, की त्यांतील काहींनी ती नक्षी काढावी, हाही पोटाचाच प्रश्न आहे. आणि समजा, त्या गुणावर पोट नाही भरले. तरी ज्या मुलाला एका गोष्टीत तरी आपण आहोत असे वाटले, ते मूल गणिताच्या तासालाही थोडे ताठ मानेने बसते, हा आम्हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

१९९० नंतरच्या पिढ्यांना आपण गुणपत्रिकेच्या शर्यतीत जुंपले. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यामधील भिंत काढावी असे स्पष्ट म्हटले आहे. धोरणे दिल्लीस होतात. भिंत मात्र ज्या त्या शाळेत काढावी लागते. त्यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. प्रत्येक वर्गशिक्षकाने सहामाहीत एकदा वह्यांची शेवटची पाने लाल शाई बाजूला ठेवून पाहावीत. एका फळ्यावर दर आठवड्यास मुलांची चित्रे, कविता, नक्षी लावाव्यात, आणि तेथे क्रमांक नसावेत. पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा कोणासही घेता येईल अशा जागी ठेवावा. १८९० साली विंचेस्टर संग्रहालय म्हणून स्थापन झालेले आणि आज सरदार पटेल यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय आपल्याच शहरात आहे. ते वर्षातून एकदा तरी मुलांना दाखवावे. बडोदेही काही फार दूर नाही. सयाजीराव महाराजांच्या ज्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, त्या नगरीत १९५० पासून महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाची ललितकला शाखा चालू आहे. असे काही शिक्षण या जगात असते आणि ते गाडीने काही तासांच्या अंतरावर आहे, एवढे जरी नववीतल्या मुलास कळले, तरी त्याचे जग मोठे होते.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. आम्ही शिक्षक चुकतो, हे मी या लेखात कबूल केलेच आहे. म्हणून सारा भार आमच्यावर टाकून स्वस्थ बसू नका. जे तुम्हांस करावेसे वाटते ते करीत राहा, त्यावर तारीख घाला आणि जपून ठेवा. आपल्या बाकावरील मित्र चांगले काही करीत असेल तर ते प्रथम तुम्हीच पाहाल. तेव्हा त्याची टवाळी न करता आम्हांस येऊन सांगा. आणि ती वही? ती मी मागून घेतली आहे. माझ्या कपाटात ती अजून आहे. ती मुलगी पुढे दहावी उत्तीर्ण होऊन गेली. ती आता चित्रे काढते की नाही, हे मला ठाऊक नाही. तेव्हापासून वही तपासताना समासात काही दिसले की मी लेखणी खाली ठेवतो आणि आधी ते पाहतो. एवढेच मला त्या वहीने शिकवले आहे, आणि आपल्या शाळेतील कोणत्याही मुलाला अथवा मुलीला "आता नाही काढत, सर" असे म्हणावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.